दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

चंद्रपूरच्या आमच्या संशोधन केंद्रात माझ्या एका सहकाऱ्याकडे एकच काम होतं. जंगलातल्या झाडांच्या लाखो नोंदी एक्सएमएल नावाच्या फाइलींमध्ये होत्या. त्यांच्यासाठी दोन डेटाबेसपैकी कोणता घ्यायचा, हे ठरवायचं. दोन्हींना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. दर प्रश्नानंतर तो कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करी. मी वैतागलो की म्हणायचा, “एकदा विचारलेलं याच्या ध्यानात राह्यते भाऊ. दुसऱ्या खेपेले फटकन सांगते. असा मुकाबला इमानदारीचा नाई.”

उत्तर रेंगाळलं, की पाहुण्यांपुढे चहा उशिरा आल्यासारखा तो ओशाळायचा.

नागपूरहून साहेब आले त्या दिवशी पहिलाच डेटाबेस अडून बसला. साहेब कंटाळून बाहेर गेले, त्यांच्यामागे बाकीचेही. उत्तर आलं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. सगळे परतल्यावर त्यानं खाली मान घालून तोच प्रश्न पुन्हा टाकला. उत्तर क्षणात आलं.

“हाच घेऊ!” साहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

जीप निघाली तसा तो धावत गेला आणि काच ठोठावली. “उत्तर बरोबर आहे साहेब, पण टाइम खोटा आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं होतं.”

“अहो, चालतं!” साहेब हसले. जीप गेली.

आत येऊन त्यानं कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला, तोच प्रश्न विचारला.

“तुमी जा भाऊ,” तो पडद्याकडे बघतच म्हणाला. “याले वेळ लागते.”

मी बसून राहिलो. उत्तर येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.