झग्याची ट्रायल

शिवणबाई चिडल्या की आधी चष्मा पुसत. त्या दिवशी संग्रहालयाच्या तळघरात त्यांनी तो तीनदा पुसला. पहिल्यांदा पुसला तो हातमोजे दिले तेव्हा. स्वतः शिवलेल्या कपड्याला हात लावायचा, तर पांढरे हातमोजे घालून!

टेबलावर तो पिवळा झगा पसरला होता. चौदाव्या वर्षी मशीनवर बसलेल्या बाईंनी आयुष्यभर डॉक्टरांचे कोट नि शाळेचे गणवेश शिवले, पण चाळीस वर्षांपूर्वी एक चित्रकार कापडाचे गठ्ठे घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "बाई, रंग भिंतीवर टांगून कंटाळलो. आता लोकांच्या अंगावर चढवा." मग पिवळ्याखाली नारिंगी, नारिंगीखाली तांबडा, असे थर दोघांनी मिळून ठरवले. नुसता उभा असेल तर माणूस पिवळा. गिरकी घेतली की आतला तांबडा उसळून बाहेर. पहिल्या प्रदर्शनात भाजीवाल्यापासून शाळामास्तरांपर्यंत सगळे तो घालून नाचले. नाचणाऱ्याशिवाय चित्र अर्धंच, असं चित्रकार म्हणत.

आता चित्रकार गेले होते, त्यांचं नाव जगभर झालं होतं आणि झगा काचेच्या पेटीत जाणार होता.

"आजी, एवढंच करायचं," संग्रहालयाचे साहेब गोड आवाजात म्हणाले. "आतले थर लोंबतात, ते चार टाके घालून बसवून टाका. आणि अस्सल असल्याची या कागदावर सही."

"बसवून टाकू? मग तांबडा दिसणार कुणाला?"

"पाटीवर लिहू ना, आत तांबडा आहे म्हणून."

"वा! जेवायला बोलवायचं आणि ताटात यादी वाढायची!"

साहेब हसले. बाईंनी दुसऱ्यांदा चष्मा पुसला.

"लोकांनी घातला तर फाटेल हो."

"फाटला तर शिवायला मी अजून मेले नाही."

"आजी, हात लावायचा नाही असा नियम आहे."

"आजी असेन घरी. इथे मी कारागीर आहे, आणि माझाही नियम आहे. ट्रायल घेतल्याशिवाय मी कुठलाही कपडा पास करत नाही." तिसऱ्यांदा चष्मा पुसून त्यांनी तो नाकावर चढवला, हातमोजे काढून टेबलावर आपटले आणि साहेब पुढे येईपर्यंत झगा अंगात घातलासुद्धा.

गिरकी कसली, गुडघ्यांनी अर्ध्यातच मान टाकली. पण तेवढ्यानेही तांबडा भपकन उसळला. दारातल्या झाडूवालीच्या हातून झाडू गळला.

"अगं बाई! मी घालू?"

"घाल की. तुझ्यासारख्यांसाठीच शिवलाय."

"कुणीही घालायचा नाही!" साहेब किंचाळले.

बाईंनी कागद ओढला. 'वस्तूचा प्रकार' या रकान्यात 'चित्र' असं छापलं होतं. ते खोडून त्यांनी लिहिलं, 'कपडा. अंगावर घालण्यासाठी.' आणि खाली ठसठशीत सही केली.

"अहो, ही सही दाखवून मी तो काचेत ठेवू कसा?"

"तेच तर मी सकाळपासून विचारतेय."

त्यांनी साहेबांकडे पाठ फिरवली आणि झगा झाडूवालीच्या खांद्यांवर नीट बसवला.

"हात वर कर बघू. काखेत घट्ट होतोय का?"