‘दुखलं का?’ विचारणारी बॉक्सर

ताईंचं पार्लर म्हणजे दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि दारावर घंटी. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या भुवया त्यांच्या हाताखालून गेलेल्या. दोऱ्याचं टोक दातात धरून त्या असा सपाटा लावायच्या, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत एक भुवई तयार. आणि दोरा न सोडता, दातांतल्या दातांत, दर दोन-चार केसांमागे त्यांचा एकच प्रश्न: "दुखलं का?"

अशा बाईंनी छत्तिसाव्या वर्षी पुन्हा बॉक्सिंग धरलं.

‘पुन्हा’ म्हणालो, ते उगीच नाही. लग्नाआधी ताई खेळायच्या, आणि चांगल्या खेळायच्या. मग बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांची बदली झाली, त्यांचा सरावाचा हॉल बंद पडला, लग्न झालं, मुलगी झाली, पार्लर झालं. कुणी अडवलं म्हणावं तर कुणीच नाही. राहून गेलं, एवढंच. पण राहून गेलेल्या गोष्टीही काही कमी छळत नाहीत.

एक दिवस खुर्चीत सरांची बायको येऊन बसली. बोलता बोलता म्हणाली, "आमचे हे निवृत्त होऊन परत आलेत. शाळेमागच्या गोदामात हॉल सुरू केलाय." ताईंचा हात जागच्या जागी थांबला. कधीपासून, किती मुली, रिंग आहे का, असा प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. शेवटी त्या बाई वैतागून म्हणाल्या, "अगं, दुसरी भुवई करतेस, की एकीवरच घरी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गोदामाच्या दारात हजर. सरांना सगळे शिट्टीसर म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी ते झोपतानाही काढत नाहीत असा बोलबाला होता. त्यांनी ताईंना खालीवर पाहिलं, पण इतक्या वर्षांनी ओळखलं नाही.

"वजन कमी करायचंय? बायकांची बॅच आठला असते."

"नाही सर. निवड चाचणी द्यायचीय. राष्ट्रीय शिबिरात जायचंय." आणि सरांनी काही म्हणायच्या आत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "एलिट, म्हणजे मोठ्यांच्या गटात चाळिशीपर्यंत खेळता येतं. मी सगळं बघून आलेय."

सर हसले नाहीत. ताईंना त्यांचा सगळ्यात जास्त आवडलेला गुण तो. "उड्यांची दोरी तिकडे आहे," एवढं म्हणून ते निघून गेले.

त्या सकाळी ताई घरी आल्या तेव्हा पायांचे तुकडे पडले होते, खांदे वर होत नव्हते, आणि बाई एकट्याच जिन्यात हसत होत्या. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. आंघोळीला गेल्या तर तिथेही बादलीसमोर दोन ठोसे हाणून आल्या.

घरात मात्र भूकंप झाला. ताईंचे यजमान काचा बसवायचे. ज्याचा सगळा धंदाच कुठे काही फुटू नये यावर चाललेला, त्याला बायको रोज सकाळी फोडून घ्यायला जाते हे कसं पचावं? "नाक मोडलं तर? डोळ्याला लागलं तर? तुटक्या नाकाच्या बाईकडे चेहरा नीट करून घ्यायला कोण येईल?" ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, नाकानं कुठे मी दोरा धरते?" त्यांचं समाधान मात्र झालं नाही.

पुढे ताईंच्या डोळ्याखाली काळंनिळं उमटलं, आणि गल्लीला विषय मिळाला. यजमान काच घेऊन निघाले की बायका त्यांच्याकडे असं बघायच्या, की काच तडकावी. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "बाईमाणसावर हात उचलू नये, दादा." बिचारे रडवेले होऊन घरी आले. सासूबाईंनी ऐकलं आणि त्या खिडकीतूनच शिंप्यावर कडाडल्या, "अहो, तो हिला मारेल? हिचा एक बसला, तर त्याला उचलायला तुम्हालाच बोलवावं लागेल!" त्या दिवसापासून सासूबाई ताईंच्या पक्षात.

खरी अडचण निघाली ती भलतीच. ताईंकडे वेग होता, पायांत चपळाई होती, ठोसा तर असा, की समोरचीचे दोन्ही पाय मागे सरकावेत. पण ठोसा बसला रे बसला, की ताई क्षणभर थांबायच्या आणि दातांवरच्या माउथगार्डमधून आवाज यायचा: "उखअं आ?" पहिल्यांदा कुणाला कळेच ना. मग एका मुलीला उलगडा झाला आणि ती हसत हसत रिंगमध्येच खाली बसली. ताई विचारत होत्या, "दुखलं का?" इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांना हात लावताना हाच प्रश्न विचारलेला, तो आता हातालाच चिकटलेला. आणि त्या उत्तराची वाट बघेपर्यंत उलटा ठोसा येऊन बसायचा.

सरांनी शिट्ट्या फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. ओरडून झालं, समजावून झालं. शेवटी एक दिवस ते दोरखंडावर कोपरं टेकून म्हणाले, "हे बघ, विचारू नकोस असं मी म्हणणार नाही. तुला ते जमायचं नाही. विचारायचंच ना? घंटा झाल्यावर विचार. तोवर सगळं साठवून ठेव."

हे ताईंना पटलं. सराव संपला की त्या मुलींना एकेक करून धरायच्या, कुठे लागलं, किती लागलं, बर्फ लाव, इकडे बघ. मुली त्यांच्यावर जीव टाकू लागल्या. आणि रिंगमध्ये ताई अशा काही सुटल्या, की सर शिट्टी वाजवायचंच विसरायचे.

चाचणीची अंतिम लढत. जिंकेल ती शिबिरात, हरेल ती घरी. समोर एकवीस वर्षांची मुलगी, नुसती वीज. सकाळी वजनाच्या रांगेत तिने ताईंना आदराने विचारलं होतं, "काकू, तुमची मुलगी कुठल्या गटात आहे?" यजमान आले होते, पण आत बसवेना म्हणून बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालत होते.

पहिल्या फेरीत ताईंचा डावा सरळ त्या मुलीच्या नाकावर बसला. मुलीचे डोळे पाण्याने भरले, आणि ताईंचा जीव कळवळला. अर्धा क्षण थांबल्या, तेवढ्यात उजवा येऊन डोळ्यावर आदळला. फेरी गेली. कोपऱ्यात सर पाणी पाजत एवढंच म्हणाले, "साठव."

मग ताईंनी साठवलं! दुसऱ्या फेरीत त्या आत घुसल्या ते बाहेर आल्याच नाहीत. डावा, डावा, उजवा, बाजूला सरक, पुन्हा डावा. हॉलमधली पोरं बाकांवर चढली. तिसऱ्या फेरीत दोघींच्या पायांचा भुगा झाला होता, तरी एकही मागे हटेना. शेवटच्या घंटेला दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, त्या उभं राहवत नव्हतं म्हणून. ताई तिच्या कानात भराभरा काहीतरी विचारत होत्या आणि ती मान हलवून हसत होती.

पंचांनी दोघींची मनगटं धरली. पाच परीक्षकांचा निकाल पुकारला, तीन विरुद्ध दोन, आणि वर गेला तो ताईंचा हात. हॉल दणाणून गेला.

त्या आवाजाने यजमान धावत आत आले. ताई रिंगमधून उतरत होत्या, एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून पाण्याच्या धारा. ते समोर उभे राहिले.

"जिंकले अहो," ताई म्हणाल्या. "शिबिरात निवड झाली."

"मी बाहेर उभा राहून..." त्यांनी चश्म्याखालून डोळे पुसले. "तू हरावीस असं म्हणत होतो. तिन्ही फेऱ्या. हरली की सुटलो, घरी येईल, असं. आणि मग एकदम गलका झाला, आणि मला वाटलं, ही हरली. तेव्हा कळलं, की तू हरलेली मला बघवणारच नाही."

ताईंनी ग्लोव्ह्जसकट त्यांना जवळ ओढलं, इतक्या जोरात, की त्यांचा चश्मा खाली पडला. दोघंही रडत होती, आणि ताई रडता रडता हसत होत्या.

"शिबिर कधीपासून?" यजमानांनी ताईंच्या खांद्यावरूनच विचारलं.

"सोमवारपासून."

"मी सोडायला येतो," ते म्हणाले. "आणि या वेळी आत बसतो."