कपाट आणि पाण्याची बाटली

शिवणकाम करणाऱ्या बाईने आपला नवरा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो कपाट होता. म्हणजे जिन्यावरून एक लोखंडी कपाट दोन पायांनी धाडधाड वर येत होतं आणि अख्खी इमारत जीव मुठीत धरून भिंतीला चिकटली होती. ती किंचाळली, "अहो, धरा कुणीतरी त्याला!" कपाट खालून म्हणालं, "मीच धरलंय, ताई." लग्नानंतरही लोक त्याला कपाटच म्हणत.

गावाकडे दिवसभर राबून जाडंभरडं खाणारा हा गडी शहरात शीतपेयाच्या कारखान्यात लागला. आधी खोकी उचलायचा. मग प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून साहेबांनी त्याला गेटवर खुर्ची दिली, आणि खुर्चीने ढेरी. जमिनीखालचं पाणी उपसून साखरेत घोळवणाऱ्या त्या कारखान्यात कामगारांचा नळ कोरडा! कमी भरलेल्या बाटल्या मात्र हव्या तेवढ्या फुकट. तहान लागली की बाटली, भूक लागली की बाटली आणि तळलेल्या चकत्यांचं पाकीट.

एकदा बूट टाचेला चावला आणि जखम भरेचना. डॉक्टरीणबाईंनी सुनावलं, "रक्तात साखर आहे. गोड पाणी बंद, नाहीतर पाय जाईल."

बायको रोज उकळून गार केलेलं पाणी बाटलीत भरून देऊ लागली. संध्याकाळी बाटली गायब. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाहेरची बाटली आत न्यायला बंदी होती. न जाणो, कुणी तीत माल भरून नेला तर? आणि बाटल्या काढून घ्यायच्या गेटवाल्याने. हा दीडशहाणा रोज सकाळी स्वतःचीच झडती घेऊन स्वतःचीच बाटली जप्त करत होता!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी ती बाटली घेऊन गेटवर थडकली.

"अगं, नियम म्हणजे नियम."

"अहो कपाटराव, नियमाचा पाय कापणार आहेत का? तुमचा कापतील!"

"हळू बोल, साहेब ऐकतील."

"ऐकू देत! कानात बूच मारलंय त्यांच्या!"

साहेब बाहेर आले. "वहिनी, उन्हातून आलात. आधी गार घ्या," म्हणत त्यांनी कारखान्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली आणि त्यांच्या चकचकीत बुटांवर ओतली. "तुमच्याच पायांना पाजा!"

साहेबांनी मोजे बदलले.

बाटलीबंदी पुढच्या उन्हाळ्यात उठली. तेव्हा गेटवर दुसरा माणूस होता. कपाटाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता.