एका फोनचे चार झाले तेव्हा

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. ऑफिसात माणसं सहा आणि फोन एकच असला, की ते आपोआप साचत जातात! सत्तरच्या दशकात मी सीताबर्डीच्या एका गल्लीत, पाण्याचे पंप विकणाऱ्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळत होतो. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. काळा फोन त्यांच्याच टेबलावर. कोणाचाही फोन आला, की त्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं.

आमचे कॅशियर तिजारे घरून फोन आला की नुसतं "हो... हो... बरं" एवढंच म्हणत. एकदा फोन ठेवून ते वळले, तर भैयाजी फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "तिजारे, भरताचेच वांगे नेजा. वहिनी दोनदा बोलल्या!"

तिजारे कानापर्यंत लाल झाले. भैयाजींनाही मागाहून वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आपल्या ऑफिसले आता ढंगाची फोनची सोय पायजे!"

* * *

दुसरी लाइन मागावी, तर वर्षानुवर्षांचं वेटिंग. म्हणून एक सेल्समन इंटरकॉम दाखवायला आला. एक सेट त्यानं केबिनमध्ये ठेवला, दुसरा मागच्या अंगणापलीकडे गोडाऊनमध्ये, स्टोअरकीपर बापूरावांसमोर.

भैयाजींनी बटन दाबून विचारलं, "बापूराव, ऐकू येऊन राहिलं का?"

पलीकडे चुप्प.

सेल्समनला घाम फुटला. त्यानं वायर तपासली, बॅटरी तपासली, सेट उलटा करून पाहिला. तेवढ्यात बापूराव अंगण ओलांडून धापा टाकत दारात हजर!

"हो भैयाजी! एकदम साफ ऐकू येऊन राहिलं!"

* * *

शेवटी ठरला छोटा बोर्ड. बाहेरची लाइन तीच एक, पण ऑपरेटरनं आतल्या चार सेटांपैकी हव्या त्याला जोडून द्यायची. एक सेट भैयाजींचा, एक गोडाऊनचा, एक कोटेशनच्या टेबलाचा. उरला चौथा. तो मला हवा होता आणि तिजाऱ्यांनाही.

"इतकी वर्षं झाली नोकरीले, टेबलावर फोन नको का?" तिजारे भैयाजींना म्हणाले. "पाहुना आला तर काय म्हनंल?"

मी हळूच म्हणालो, "तिजारे, आता वहिनींचा फोन थेट तुमच्या टेबलावर येणार बरं का! दिवसातून कितीदाही!"

तिजारे लगेच भैयाजींकडे वळले.

"मंग असं करा भैयाजी," ते म्हणाले, "मले सेट द्या. वायर नका देऊ!"

* * *

आता बोर्डावर बसवायचं कोणाला? आमच्याकडे सुमन नावाची टायपिस्ट होती, जरीपटक्याहून सायकलनं यायची. नोकरी कच्ची, महिन्या-महिन्यानं वाढवलेली. तिला वाटत होतं, ऑपरेटर आली की आपल्याला सुट्टी. सेल्समनचं मत पडलं की फाडफाड इंग्रजी बोलणारीच मुलगी हवी. भैयाजी म्हणाले, "पाहू."

एक दिवस ते मला सांगून बाजूच्या कापडदुकानात गेले आणि तिथून आवाज बदलून आमच्याच ऑफिसला फोन लावला. मी मुद्दामच उचलला नाही. सुमननं उचलला.

"अवो बाई, माहा पंप बंद पडला! संत्र्याची बाग वाळून राहिली! तुमी लोकं झोपले का?" भैयाजी अगदी जीव तोडून ओरडले.

सुमन शांतपणे म्हणाली, "दादा, उन्हातून आलेले दिसता. पहिले घोटभर पाणी प्या. मी फोन ठेवत नाही. मग गावाचं नाव सांगा, आजच माणूस पाठवते."

थोड्या वेळानं भैयाजी ओल्या मिशा पुसत परत आले.

"बोर्ड तिलेच द्या," ते म्हणाले. "आन् नोकरी पक्की करा. मी खरंच पानी पेलो गा!"

* * *

कोटेशन करणारा वानखडे बोर्डापासून दोनच टेबलं दूर बसायचा. हुशार पोरगा, पण मुलखाचा लाजाळू. सुमन समोर आली की हा पेन्सिलीला टोक काढायला लागे. बोर्ड आला आणि त्याला वाचा फुटली! दोन टेबलांवरून तो फोन उचलून तिच्याशी बोलायचा. दोघांचे चेहरे भिंतीकडे. आम्ही सगळे कामात असल्यासारखे.

एका दुपारी मी सह्या घ्यायला केबिनमध्ये उभा होतो. भैयाजींना कलकत्त्याला ट्रंक कॉल लावायचा होता. त्यांनी फोन उचलला, तर बोर्डावरून कोणी बोलेना. त्यांच्या सेटला एक खास बटन होतं; ते दाबलं, की चालू बोलण्यात शिरता यायचं. त्यांनी ते दाबलं आणि एकदम मला हातानं चूप राहायची खूण केली. मी जवळ सरकलो. सुमनचा आवाज ऐकू येत होता.

"...रविवारी या. बाबांना मी सांगितलं आहे. ते म्हणाले, मुलगा स्वतः येऊन बोलत असेल, तर माझी ना नाही. याल ना?"

 केबिनच्या काचेतून वानखडे दिसत होता. कानाला फोन, कपाळावर घाम, तोंड उघडं आणि शब्द नाही! सुमननं पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, "नाही येणार का?"

तरी शांतता.

भैयाजींच्यानं राहवलं नाही. ते फोनमध्ये गरजले,

"अबे वानखडे, हो म्हन ना गा! माहा कलकत्ता अटकला हाय!"