गाऱ्हाण्यातली टीम

त्या दुपारी डबा जसा नेला तसाच परत आला. आमचे हे हॉस्पिटलातून आले, दाराबाहेर चपला काढल्या, "उघडलाच नाही गं" एवढंच म्हणाले आणि डबा माझ्या हातात देऊन मोरीवर पाय धुवायला गेले. मी तशीच उभी राहिले. आत मऊ भात होता, मुगाचं कढण होतं, आणि भावोजींचा हट्ट म्हणून कोपऱ्यात लपवलेली लिंबाच्या लोणच्याची फोड. डबा जड होता... सदा भावोजी गेले हे मला त्या वजनावरून कळलं. मग शेजारी गोळा झाले, कोणी गावाला तार करायला धावलं, कोणी "सुटला बिचारा" म्हणालं. सुटले वगैरे काही नाहीत. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

सदानंद माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर "रविवार मोकळो रवता" असं सांगायचे. वाकोल्याच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून होते, किंबहुना मीच त्यांच्या घरात नंतर आले. नोकरी अंधेरीच्या एका रंगाच्या कंपनीत, जिथे दिवसभर मोठ्या पिंपांत रंग घोटायचा. त्या कंपनीची फुटबॉलची टीम होती, आणि ती शहराच्या लीगमध्ये वरच्या गटात खेळायची. टीमची पोरं नावाला कामगार. सकाळी मस्टरवर सही करायची आणि मैदानावर जायचं, पगार मिळायचा तो चेंडू लाथाडण्याचा. जर्सी हळदीच्या रंगाची. भावोजींनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता, पण त्या हळदीच्या टीमवर त्यांचा जो जीव होता तो आमच्यापैकी कोणाच्या वाट्याला आला नाही, हे मी हसत हसत सांगत आले आहे आणि आता नुसतंच सांगते.

सामना बघून ते संध्याकाळी घरी येत, मोरीत चिखलाचे पाय घासायला बसत आणि तिथूनच बोलायला सुरुवात करत. मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत असायचे. त्यांना माझ्याकडून उत्तर नको असे, नुसता कान हवा असे. चिखलाच्या दिवसांत छोटे पास द्यायचेच नाहीत, चेंडू उचलून मारायचा. गोलकीपरने सामन्याच्या दिवशी मासे खाऊ नयेत, डोळ्यांवर झापड येते. मधल्या फळीत निदान एक तरी आपल्याकडचा पोरगा हवा, त्याशिवाय टीमला चिवटपणा येत नाही. कोच चांगला माणूस आहे आणि हीच मोठी अडचण आहे. अशी एकेक मतं. यातलं एकही कधी खरं ठरल्याचं मला आठवत नाही. ज्या पोराला ते "हेका बसवा" म्हणून आठवडाभर शिव्या घालत, तोच पुढच्या सामन्यात गोल करी, आणि मग भावोजी मोरीतून म्हणत, "बघलात? शिव्या लागल्या मेल्याक." मी घाटकोपरची, आमच्या माहेरी असं बोलणं नव्हतं. सुरुवातीला मला वाटायचं यांची भांडणंच चालली आहेत. मग सवय झाली, आणि त्यानंतर तर सामना नसलेल्या रविवारी घर मुकं वाटू लागलं.

मोसमाचा पहिला सामना असला की आदल्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून भावोजी गाऱ्हाणं घालत. कोकणातल्या घरांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. घरातलं एक माणूस देवाशी मोठ्याने बोलतं, काय हवं-नको ते मागतं, आणि दर मागण्याला बाकीची सगळी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. आमच्या घरात थोरले हे, पण गाऱ्हाण्यात यांची जीभ अडखळते, म्हणून मान धाकट्याचा. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पुढ्यात ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे. घरातल्या माणसांका सुखी ठेव. चाळीतल्या माणसांका सुखी ठेव. आमच्या टीमका वरच्या गटात रवांदे. आणि समोरच्या पोरांचाय भला कर, तेंचे हातपाय सांभाळ." आम्ही म्हणायचो, व्हय म्हाराजा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "भावोजी, देवाने दोघांचं ऐकलं तर सामना बरोबरीत सुटायचा. समोरच्यांचं कशाला मागता?" ते एकदम गंभीर झाले. "गाऱ्हाण्यात कोणाक वगळूचा नसता, वैनी. वगळलात तर ता गाऱ्हाणा नाय, चुगली झाली." पुढे कधीही हा विषय मी काढला नाही, पण आमची पोरं मात्र "समोरच्या पोरांचाय" आलं की एकमेकांना कोपरं मारत.

हा शेवटचा मोसम सुरू झाला तोच वाईट. गिरण्यांच्या टीमा संपानंतर एकेक करून मैदानातून गेल्या होत्या, आणि आमच्या रंगवाल्या साहेबांनाही आता टीम जड वाटू लागली होती. वरच्या गटातून खाली गेली तर टीम बंद, असं त्यांनी मोसमाच्या तोंडावरच सांगून टाकलं. त्यात मोहनन नावाचा केरळचा पोरगा, गोल करायचा तो तोच, बँकेत चिकटला. भावोजींनी त्या संध्याकाळी तोंडसुख घेतलं नाही. पाय पुसत म्हणाले, "गेलो तो गेलो. बँकेची नोकरी, जल्माचो प्रश्न सुटलो मेल्याचो." पण जेवले नाहीत. राहिली होती ती नवखी पोरं, मागच्या फळीतले दोन म्हातारे आणि मढचा गोलकीपर बस्त्याव, जो पहाटे बापाबरोबर होडीवर राबून मग मैदानावर यायचा. टीम हरत गेली. कधी शेवटच्या मिनिटाला, कधी पहिल्याच मिनिटाला. भावोजींची मतं दर आठवड्याला बदलू लागली. आधी कोच बदला, मग कोचला ठेवा आणि बाकी सगळे बदला, मग जर्सीचा रंगच अपशकुनी आहे. हिंदीत, मालवणीत, कंपनीतल्या साहेबांकडून ऐकलेल्या इंग्रजीतसुद्धा ते हरण्याची कारणं शोधत होते.

आणि खोकला होता. तो जुनाच, पण आता भाकरी थापून होईपर्यंत त्यांचं एक वाक्य पुरं होत नसे. डॉक्टरांनी फुफ्फुसांचा फोटो काढला, ओलीत बसायचं नाही, मैदान बंद, आणि हॉस्पिटलात दाखल व्हा असं बजावलं. मी भांडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "अहो, ती टीम तुम्हाला ओळखते तरी का? तुम्ही मेलात तर एक मिनिट उभी तरी राहील का?" ते पिशवीत छत्री कोंबत होते. "एवढो सीझन जावंदे, वैनी. मगे खय सांगशात थय येतंय." यांनी समजावलं, सुमीने, माझ्या लेकीने, रडून बघितलं. ते जात राहिले. ओली छत्री दाराशी उघडी वाळत ठेवून, भिंतीला टेकून, धाप ओसरण्याची वाट बघत बसलेले भावोजी... बोलायचं तर भरपूर असायचं, श्वास पुरायचा नाही.

शेवटच्या सामन्यापर्यंत हिशेब सोपा झाला होता. बरोबरी पुरे होती. नुसती बरोबरी झाली तरी टीम वरच्या गटात राहणार होती आणि बंद पडणार नव्हती. पण त्या सकाळी भावोजींना उठून उभं राहता येईना. एरवी गाऱ्हाणं मोसमाच्या सुरुवातीलाच व्हायचं, त्या दिवशी त्यांनी अंथरुणात बसूनच नारळ मागितला, सुमीने तो देवापुढे ठेवला, आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज खोल गेला होता. गाऱ्हाणं नेहमीपेक्षा लवकर संपलं. मला वाटलं, दम लागला म्हणून आटोपतं घेतलं असेल. मग त्यांनी मोठ्या भावाकडे बघितलं. "दादा, तू जाशीत?" ज्या माणसाने उभ्या जन्मात फुटबॉलला नाक मुरडलं तो माणूस कपडे करून, तीच पिशवी आणि तीच छत्री घेऊन मैदानावर गेला.

परत आले ते चेहऱ्यावरून काहीच कळू न देता. यांना खेळ कळत नाही, त्यामुळे लपवायचं काय हेही कळत नाही. "आपले लय धावले रे, सदा. समोरचे कमी धावले. पण गोल तेंचे झाले." भावोजींनी विचारलं, किती. "एक मी बघलंय. दुसरो झालो तेवा चाय पियत होतंय." एरवी या उत्तरावर भावोजींनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी ओट्यापाशी होते, पाठमोरी, आणि वाट बघत होते. पासिंग, चिखल, कोच, मासे... काहीतरी येईल. काहीच आलं नाही. मी वळून पाहिलं तर ते छताकडे बघत पडले होते. मत नसलेले भावोजी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना हॉस्पिटलात नेलं. त्यांनी विरोध केला नाही. टीम बंद झाली, पोरांना खात्यांत वाटून टाकलं, आणि काही दिवसांनी बस्त्याव भेटायला आला. त्याला पॅकिंगमध्ये घातलं होतं, डब्यांना झाकणं ठोकायला. चेंडू अडवणारे ते मोठाले हात गुडघ्यांवर ठेवून तो पलंगाशी बसला. "काका, एक सांगा ना. आपलं काय चुकलं? पॅकिंगमध्ये पन सगळे तेच विचारतात." मला वाटलं आता बांध फुटेल. भावोजी हळू आवाजात म्हणाले, "तुमचा काय एक चुकला नाय. माझा चुकला. शेवटच्या गाऱ्हाण्यात मी तेंका वगळलंय." बस्त्यावला आधी समजेना. मग मी समजावलं, की दर वेळी ते समोरच्या टीमचंही भलं मागत, आणि या वेळी फक्त आपलं मागितलं होतं. "काका, मी पन चर्चमध्ये मेनबत्ती लावली होती," तो म्हणाला. "मी पन फक्त आपल्यासाठीच मागितलं." भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. "मग तुझाय चुकला," ते म्हणाले.

मला राग आला. मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका. मोहनन गेला, नवी पोरं कच्ची, त्यात तुमच्या गाऱ्हाण्याचा काय संबंध?" बस्त्यावनेही धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "काका, टेन्शन नका घेऊ यार. ऑफिसात सगळे बोलतात, टीम तशी पन बंदच करनार होते. ग्राउंड कधीच कोनाला तरी देऊन टाकलंय. आपन जिंकलो असतो तरी वाट लागलीच होती." त्याला वाटलं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. भावोजींनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढी मतं त्यांनी आम्हाला ओरडून ऐकवली, वाद घातले, पैजा लावल्या, आणि हे एकच मत असं होतं की ज्यावर ते वादालाही तयार नव्हते.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. शिकलेली बाई म्हणून मला वाटायचं, बस्त्यावचं बोलणं त्यांनी पटवून घ्यायला हवं होतं. आता वाटतं, कसं पटवून घेणार? आपली चूक झाली असं धरलं तर निदान टीम वाचू शकत होती, असं तरी म्हणता येतं. चूक कोणाचीच नाही म्हटलं, तर मग ते ओलीत बसणं, तो खोकला, ती सगळी मतं, कशालाच काही अर्थ नव्हता. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली आणि ती घेऊन गेले.

परवा सुमीला मालाडच्या एका ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. सुतक फिटलं होतं, म्हणून यांनी देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला आता हेच. दाराशी भावोजींची छत्री होती, ती कोणी हलवलेली नाही. हे अडखळत बोलत होते आणि आम्ही साथ देत होतो. घरातल्या माणसांका सुखी ठेव, व्हय म्हाराजा. चाळीतल्या माणसांका सुखी ठेव, व्हय म्हाराजा. इतकी वर्षं कानांवर पडलेलं होतं, यांचं तोंड आपोआप पुढे गेलं. "आमच्या टीमका..." एवढं बोलून हे थांबले. टीम नाही, वरचा गट नाही, मागायचं ज्याच्यासाठी तो माणूस नाही. सुमी माझ्याकडे बघू लागली. हे नारळाकडे बघत राहिले, आणि मग अगदी भावोजींसारखं म्हणाले, "आणि समोरच्या पोरांचाय भला कर."

पोरांनी या वेळी कोपरं मारली नाहीत. मी एकटीच म्हणाले, व्हय म्हाराजा.