अकोल्याच्या पडद्यावरचं युद्ध आणि न पाहिलेला घोडा

विलास, माझा चुलतभाऊ, ट्रॅक्टर उलटून गेला, त्याच्या आधीच मी ही तिकिटं काढून ठेवली होती. ग्रीक दंतकथेवरचा भव्य युद्धपट, हिंदीत. अमरावतीत तो आठवड्यातच उतरला, म्हणून अकोला.

बाबा इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्या दंतकथेतल्या लाकडी घोड्याची गोष्ट ऐकून आम्ही घरचे विटलो होतो. विलास मात्र नाही. तो दहावीपर्यंत आमच्याकडेच राहिला आणि रोज जेवताना बाबांकडे घोडा मागायचा. पुढे शेताच्या धुऱ्यावरून बाबांचं आणि मोठ्या बाबांचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचं, विलासच्या वडिलांचं, वाजलं. बांधाची हातभर जमीन! तेव्हापासून एकमेकांच्या लग्ना-मयताला जाणं बंद. विलासच्या मयतीला मी एकटीच गेले. बाबा चपला घालून दारात उभे राहिले आणि पुन्हा आत वळले. त्याचा राग मला अजून आहे.

तिकिटं परत करावीत म्हटलं, तर बाबा तयार होऊन बसलेले. आई म्हणाली, "सुतकात पिक्चर पाहाले चालले?"

"आपल्याले कायचं सुतक?" बाबा म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: बडनेरा सोडलं की रस्ता झकास आहे, दोन तास धरा. मूर्तिजापूरला थांबून आलूबोंडा-कढी नक्की खा. मी दोन खाल्ले. बाबांनी प्लेटला हात लावला नाही. सकाळच्या खेळाला तिकीटही स्वस्त पडतं, फक्त थिएटरात थंडी फार, शाल न्या.

पडद्यावर जहाजं आली, भाले उडाले, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती. मग तो म्हातारा राजा आला. पोराला ज्यानं मारलं त्याच्याच तंबूत एकटा गेला, त्याचे हात धरले आणि पोराचं प्रेत मागू लागला. शिट्ट्या थांबल्या. बाबा उठून उभे राहिले.

"बाबा, घोडा अजून यायचा आहे."

"राहू दे. पातूर रोडनं गाडी घे."

आमचं गाव पातूरच्या अलीकडे, फाट्यावरून आत. आतला रस्ता खराब आहे, लहान गाडी जपून घाला.

ओसरीवर मोठे बाबा भिंतीला टेकून बसले होते. डोकं भादरलेलं. बाबा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मोठी आई पदर तोंडाला लावून रडत होती. बऱ्याच वेळाने बाबा उठले. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, गुपचूप उठून चालू लागतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पण बाबा उंबऱ्याशी वळले आणि जुन्या सवयीनं बोलून गेले, "येतो, भाऊ."

मोठी आई रडता रडता थांबली. मोठ्या बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"आता कायले येतं? पोरगं होतं तवा यायचं होतं."

बाबांनी मान हलवली. मला मोठ्या बाबांचं काहीच चुकलं असं वाटलं नाही, आणि तरी बाबांकडे पाहवेना.

परतीला बोरगावच्या पुढे ते एकदाच बोलले. "त्या राजाले पोराचं तोंड तं पाहाले भेटलं. म्या त्याचं तोंड बी पाह्यलं नाही." मी गाडी बाजूला घेतली. ते खिडकीकडे तोंड करून रडले, मग हातानेच 'चल' म्हणाले.

सिनेमाचा शेवट कसा आहे, हे मला विचारू नका. आम्ही पाहिलेला नाही आणि आता पाहणारही नाही.

घरी पोचलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने वळूनही न पाहता विचारलं, "झाला पिक्चर?"

बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि आपल्या पलंगाशी जाऊन उभे राहिले.

"यावरची गादी गुंडाळून ठेव," ते मला म्हणाले. "मी खाली झोपतो. मले सुतक हाय."