काकांचा फुल फोर्स

आमचे काका कोपर स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या नळाला पाणी येत नाही, नळाला सर्दी होते. काका आंघोळीला बसले तेव्हा केस काळेभोर होते. बादली भरून उठले तेव्हा डोकं पांढरं झालेलं. मी साक्षीदार आहे.

काकूने हौसेने कल्याणहून एक फायटर मासा आणला, काचेची टाकी आणि फिल्टरसकट. निळा, शालूच्या पदरासारखे लांब पर. तिने काचेवर बोट टेकवलं की धावत यायचा. दुकानदाराने बजावलेलं, याला धार सोसत नाही, फिल्टरचा फ्लो अगदी कमी ठेवा. फिल्टरच्या डोक्यावर गोल बटण होतं, फिरवलं की धार कमीजास्त.

ते बटण काकांच्या हाती लागलं. जन्मात पहिल्यांदा घरातलं पाणी त्यांचं ऐकत होतं. त्यांनी ते पार शेवटपर्यंत फिरवलं. असा लोंढा सुटला की मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसलो. मासा वॉशिंग मशीनमधल्या रुमालासारखा गरगरू लागला.

"अहो, कमी करा ना. दमतोय तो."

"व्यायाम होतो. तुझ्यासारखं बसून खायचं काय त्याने?" आणि मला, "काय रे, तुमच्या ठाण्याच्या टॉवरमध्ये आहे एवढा फोर्स?"

"छे हो काका, कुठला!" मी म्हटलं. भजी अजून तळायची होती.

काका बाथरूममध्ये शिरले की काकू बटण मागे फिरवायची. मासा टाकीतल्या झाडाच्या पानावर आडवा पडायचा, मग हळूच वर येऊन तिच्या बोटापाशी पर उलगडायचा. तेवढ्यात आतून आरोळी, "आवाज का बंद झाला? पाणी गेलं काय?" आणि टॉवेलवर बाहेर येऊन परत फुल.

पुढच्या रविवारी मी गेलेलो, तर मासा फिल्टर जिथून पाणी ओढतो त्या जाळीला चिकटलेला. परांच्या चिंध्या. काकूने चमच्याने खरवडून सोडवला.

"आळशीच होता," काका म्हणाले. "पुढच्या वेळी दणकट बघून आण."

काकू त्याला कुंडीत पुरून आली. ती आता प्लग उपटणार, असं मला वाटलं, म्हणून त्याआधी मीच धार कमी करायला बटणाला हात घातला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "चालू दे त्यांचं फुल. आता कोणाला लागत नाही."

"बघ," काका मला म्हणाले, "पटलं की नाही हिला शेवटी!"